तेल पिणारी जमीन

फळी अर्धी चिरून झाली होती आणि करवतीचं चक्र अजून फिरत होतं. मशीनच्या पायाशी हे पडले होते. उजवा पाय मांडीपासून असा बाहेर वळलेला की तो त्यांच्याच अंगाचा आहे असं वाटत नव्हतं, आणि पाटावरून पुढे आलेली ती कडुनिंबाची फळी बरोबर त्यांच्या छातीच्या वर थरथरत होती. ती केव्हा उसळेल याचा भरवसा नव्हता. पडताना खांद्यावरचा पंचा पाटाच्या काठाला अडकला होता. त्याचं एक टोक चक्राच्या वाऱ्यानं उडायचं, खाली बसायचं, पुन्हा उडायचं. मी चहाची कपबशी घेऊन दारात उभी.

"आधी ते बंद कर," हे म्हणाले. ओरडले नाहीत. दार लोटून घे म्हणावं तेवढ्याच आवाजात म्हणाले.

मी एक पाऊल आत टाकलं आणि तो पाय असा सरकला की माझा राहिला नाही. हात चौकटीला अडकला म्हणून मी उभी राहिले, कपबशी गेली. दुसरं पाऊल टाकण्यात अर्थ नव्हता. मी खाली बसले आणि बसूनच, न चालणारं पोर ढुंगणावर सरकतं तशी सरकत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले. मशीनचं बटण कोणतं ते मला ठाऊक नव्हतं आणि त्या चक्राजवळ हात घालून ते शोधायचंही नव्हतं. भिंतीतून निघालेली काळी वायर दिसत होती. ती धरली आणि ओढली. चक्राचा आवाज जिना उतरल्यासारखा खाली खाली येत गेला आणि थांबला. मग खोलीत जळक्या लाकडाचा वास राहिला, सांडलेल्या चहाचा वास राहिला, आणि त्या दोन्हींच्या खाली, अगदी जमिनीलगत, तिळाच्या तेलाचा वास. मी तळहात उलटा करून पाहिला. त्यावर बारीक भुशाचा लेप बसला होता आणि लेपाखालून हात चकाकत होता.

कशानं पडले ते मला तेव्हाच कळलं. बाकीच्यांना कळायला वेळ लागला, कारण त्यांनी जमिनीला हात लावला नव्हता.

हे म्हणजे माझे मालक. वडवणीत त्यांना तात्या म्हणतात. सुतारकी बापाकडून आलेली, आणि कामाची जागा म्हणजे घराला लागूनच काढलेली पत्र्याची लांब खोली. पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं आहेत. सकाळी त्या भोकांतून उन्हाचे दोरे तिरपे उतरतात आणि उडणारा भुसा त्यांच्यात शिरला की तो सोन्याचा होतो, बाहेर पडला की पुन्हा भुसा. बाभळीचं ओलं लाकूड फाडलं की खोलीला आंबूस ताकाचा वास येतो, सागाला नव्या कातड्याचा, कडुनिंबाला कडू. तो घशातही उतरतो. डोळे बांधून नेलं तरी आज आत काय चिरलंय ते मी सांगीन. यात मोठेपणा काही नाही. शेजारच्याच खोलीत माझी चूल होती.

पूर्वी त्या खोलीची जमीन मातीची होती. हे बसून काम करणारे. टेबल घेऊन उभं राहायचं त्यांच्या बापाला माहीत नव्हतं. लाकूड पायाच्या अंगठ्यात धरायचं, टाच मातीत रोवायची, आणि रंधा असो की पटाशी, कमरेपासून जोर देऊन पुढे चालवायची. असं जन्मभर केल्यानं त्यांच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात एवढी फट पडली आहे की नवी चप्पल घेतली तरी तिचा अंगठा पायात नीट बसत नाही. माणसाला दोन हात असतात. ह्यांना दोन हात, दोन पाय आणि एक जमीन होती. हातातून पटाशी निसटली तर मातीत जाऊन उभी राहायची, धारेला काही व्हायचं नाही. सांडलेलं पाणी, तेल, सरस, थुंकी, जे काय असेल ते माती पोटात घ्यायची.

आणि ती माती माझ्याकडे होती. आठवडी बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं. हे बाजारात, मी खोलीत. भुसा झाडून काढायचा, टाचेनं जिथं खड्डा पडला तिथं पांढरी माती कालवून भरायची, चोपण्यानं चोपायची आणि वरून शेणाचा हात फिरवत, गुडघ्यांवर मागे मागे सरकत दाराबाहेर निघायचं. संध्याकाळी हे यायचे तेव्हा जमीन वाळलेली असायची. तिच्याकडे त्यांनी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्यांनी पाहावं असं मलाही कधी वाटलं नाही. हल्ली लोक सारवलेल्या जमिनीच्या वासाबद्दल फार गोड बोलतात. पौषातल्या सकाळी गार शेणात कोपरापर्यंत हात घालून बघावेत, मग बोलावं.

म्हणून आमच्या बाळूनं घराला फरशी बसवताना त्या खोलीलाही टाइल बसवली तेव्हा मी खूश झाले. "माय, तुझं सारवण आजपून बंद," असं तो म्हणाला होता. त्याला मशीन आणायची होती आणि मशीनचे पाय मातीत रुतले असते, हेही खरं; पण माझ्या गुडघ्यांचा विचार त्यानं आधी केला होता, हेही तितकंच खरं. दुधासारख्या पांढऱ्या टाइल्स. पहिल्या दिवशी पत्र्याच्या भोकांतले उन्हाचे ठिपके जमिनीवर इतके लखलखले की खोलीत पाणी शिरलंय असं वाटलं. हे खाली पोतं अंथरून बसू लागले आणि टाच रोवायला जागा नाही म्हणून पाय भिंतीला टेकवून रंधा मारू लागले. मोठी फळी चिरायची असली की तेवढ्यापुरते मशीनवर उभे राहत.

मग खंडेनवमी आली. आमच्यात नवमीला हत्यारं पुजतात. आदल्या दिवशी एकेक हत्यार धुऊन, पुसून, तिळाचं तेल पाजून जमिनीवर ओळीनं मांडायचं आणि दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तेल सढळ हातानं लावायचं. हत्यार वर्षभर राबतं, त्याला एक दिवस पोटभर मिळालं पाहिजे, असं माझे सासरे सांगत. हत्याराच्या अंगावरून ओघळलेलं तेल मातीत जिरायचं, मागे काळपट डाग राहायचे, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी ते डागही माझ्या शेणाखाली जायचे. त्या वर्षी आम्ही सगळं तसंच केलं. ह्यांनी तेल लावलं, बाळूनं मशीनलाही लावलं, सून रेखानं हळदकुंकू वाहिलं, मी झेंडूच्या माळा घातल्या. फक्त खालची जमीन तीच नव्हती. टाइल तेल पीत नाही. ते तिच्यावर पसरलं, सांध्यांतून वाहत खोलीभर गेलं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर पहिला भुसा पडला तशी त्याची चमकही दिसेनाशी झाली. हे अनवाणी उभे होते. त्या खोलीत चप्पल घालून ते कधीच गेलेले नाहीत.

बीडच्या दवाखान्यात त्यांच्या खुब्यात सळई घातली. भेटायला येणारा प्रत्येक जण सोबत एक कारण घेऊन यायचा. कुणी म्हणालं मशीनचं तोंड चुकीच्या दिशेला आहे, कुणी विचारलं नवमीचा नारळ नासका तर निघाला नव्हता. सफरचंदं ठेवायची आणि कारणही ठेवून जायचं. बाळूनं तर स्वतःलाच धरलं होतं. कॉटच्या पायथ्याशी उभा राहून तो डोळे पुसत होता.

"मीच बसविली ना ती फरशी. तात्यांनी मागितली व्हती का? न्हाई ना?"

"तू फरशी बसविली, तेल तुझ्या बापानं ओतलं, माळा म्या घातल्या," मी म्हणाले. "मग समद्यांलाच धरून न्या. आन् रडायचं तर भाईर जाऊन रड, हितं पेशंट झोपल्यात."

"झोपलेलो न्हाई," हे डोळे मिटूनच म्हणाले. "झोपू कोण देतंय."

डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की हे चालतील, आधी वॉकरनं आणि मग काठीनं, पण उकिडवं किंवा मांडी घालून जमिनीवर बसणं यापुढे नाही. बाळू ते ऐकून बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ येऊन बसला. त्यानं सगळं ठरवून टाकलं होतं. मशीन बसस्टँडकडच्या गाळ्यात न्यायची, पत्र्याची खोली मोकळी करायची आणि तिथं तात्यांची खाट टाकायची. हवेशीर आहे, रस्ता दिसतो, माणसं येता-जाता बोलतील.

तो मनापासून सांगत होता आणि मला ती खाट दिसत होती. उन्हाचे तेच दोरे, आणि त्यांच्यात भुशाऐवजी गोधडीची धूळ. ज्या खोलीत ह्यांनी सगळा जन्म काम केलं तिथं त्यांची खाट पडली, तर ती उचलायला पुढे चार जण लागतील, हे मला स्वच्छ दिसलं.

"खोली मोकळी करायची न्हाई," मी म्हणाले. "जमीन बदलायची."

"माय, बसता येणार न्हाई त्यांला. आयकलं न्हवं?"

"उभं ऱ्हाऊन करतील."

"ह्या वयात?"

"तू काय झोपून करतूस?"

 मग मीच त्याला शब्द दिला, की हे घरी यायच्या आत पायाला धरेल अशी जमीन मला मिळाली नाही, तर त्यानं खुशाल खाट टाकावी, मी एक अक्षर बोलणार नाही.

मातीचा विचार मी सगळ्यात आधी केला आणि सगळ्यात आधी सोडला. मातीत वॉकरचे पाय रुतले असते, मशीन तिरपी झाली असती, आणि मुख्य म्हणजे चोपणं घेऊन पुन्हा गुडघ्यांवर सरकणारी बाई आता घरात नव्हती. मी होते, पण ती नव्हते. रेखाला ते काम सांगायचा मला हक्क नाही. ती अंगणवाडीत जाते आणि आल्यावर फर्निचरला पॉलिश मारते. म्हणून बाळू आणि मी वडवणीतल्या फरशीच्या दुकानात गेलो. दुकान आप्पांचं. कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात लिंग, आणि बोलणं असं की रिकाम्या हातानं गेलेलं गिऱ्हाईक त्यांना सहन होत नाही. दुकानाच्या दारातच ओल्या सिमेंटचा आणि उदबत्तीचा एकत्र वास येतो.

त्यांनी आधी शहाबादी दाखवली. खडबडीत बाजू वर ठेवली तर ती पाय धरते, हे मला मान्य होतं. पण तिच्यावर पटाशी पडली की धारेचा तुकडा गेलाच, आणि थंडीच्या दिवसांत शहाबादीवर उभं राहिलं की गारठा टाचेतून निघून कमरेत मुक्कामाला येतो. खुब्यात सळई असलेल्या माणसाला ते नको. मग त्यांनी रेघांच्या टाइल्स काढल्या. बोट फिरवलं तर रेघांमध्ये भुसा भरून बसणार हे कळत होतं. भरला की पुन्हा गुळगुळीतच. शेवटी त्यांनी एक मोठी गुंडाळी आडवी केली आणि तिचं टोक माझ्या पुढ्यात उलगडलं.

"ही बघा काकू. सागवानी. हुबेहूब."

प्लास्टिकचं जाड कापड होतं. त्यावर सागाच्या रेषा होत्या, मधूनच गाठी होत्या, एका गाठीला तर चीरही काढली होती. मी वाकून वास घेतला. नव्या चपलेचा.

"आप्पा, सुताराच्या घरी लाकडाचं चित्र नेऊ व्हय? पडून मेले न्हाईत, ते ह्यानं मरतील."

आप्पा हसले. गल्ल्यावरचा त्यांचा मुलगाही हसला. "मग नेमकं पायजे तरी काय तुमाला?"

"पाय धरंल, हत्यार मोडणार न्हाई, गार पडणार न्हाई, आन् मला सारवाया लावणार न्हाई, असं."

"काकू," आप्पा गुंडाळी परत वळत म्हणाले, "एवढ्या गुनाचं मानूस बी गावत न्हाई. फरशी कुठून गावंल?"

आम्ही चहा पिऊन रिकाम्या हातानं परत आलो.  

आमची कमल पालीला दिली आहे. दवाखान्यात रात्री बाळू थांबायचा, मी मुक्कामाला कमलकडे जायची आणि सकाळी पहिल्या गाडीनं बीडला. कार्तिकातले दिवस. बिंदुसरेच्या धरणावरून धुकं उठायचं आणि शेतं ओलांडत गावात यायचं. त्याला शेवाळाचा, थंड दगडाचा वास असायचा, आणि ते गोठ्यापाशी आलं की तिथल्या उबेत विरून जायचं. जावयांनी अलीकडे जर्सी गाई ठेवल्या आहेत. त्यातली एक दिवस भरत आलेली, अंगानं एवढी जड की बसली की पोट बाजूला वेगळं ठेवल्यासारखं दिसायचं. एका सकाळी कमल धार काढायला निघाली तशी मीही तिच्यामागे गेले, उगीच, झोप येत नव्हती म्हणून.

ती गाय उठत होती. गाय आधी मागून उठते. पुढचे गुडघे टेकलेले, मागचे पाय तिरपे लागलेले, आणि एक क्षण असा येतो की ते सगळं धूड खुरांच्या कडांवर असतं. खाली ओलं होतं, मूत होतं, नुकतं मारलेलं पाणी होतं. मी श्वास धरून पाहत राहिले, कारण मला गाय दिसत नव्हती, तो बाहेर वळलेला पाय दिसत होता. खूर तसूभरही सरकलं नाही. गाय उठली, तिनं अंग झटकलं आणि माझ्याकडे, हिला काय पाहिजे, अशा नजरेनं पाहिलं.

"ह्ये खाली काय टाकलंय?" मी विचारलं.

"रबराच्या मॅटी हायेत," कमल म्हणाली. "आधी कोबाच व्हता. त्याच्यावर मागची गाय फाकली ना, दोनी पाय दोन दिशेला. पुन्यांदा उठलीच न्हाई ती. तवापसून टाकल्यात."

मी चप्पल काढली.

"माय, शेन हाय तिथं."

"शेनात जलम गेला माझा."

मी त्या ओल्या, काळ्या मॅटवर उभी राहिले. तिच्या अंगावर बारीक गोल टेंगळं होती. टाच दाबली तर किंचित आत गेली आणि तिथंच थांबली. डोळे मिटले तेव्हा पायाखाली जे होतं ते मला ओळखीचं वाटलं: चोपून, सारवून, वाळून एक रात्र गेलेली माती अशी लागते. घट्ट असते, पण पायाशी भांडत नाही. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, परत आले, वळले, मुद्दाम पाय फरपटला. कमलनं धार काढता काढता मान वळवून पाहिलं.

"कावून नाचायलीस सकाळी सकाळी?"

"तुझ्या बापासाठी जागा बघायले," मी म्हणाले.

मॅटी टेंपोनं वडवणीला आल्या. नव्या रबराला उन्हात उभ्या एसटीच्या टायरसारखा वास येतो, म्हणून त्या आधी अंगणात उन्हं खात ठेवल्या. मी आणि रेखानं टाइल्स राखेनं आणि कढत पाण्यानं घासल्या, कारण खाली तेल राहिलं तर माणसाऐवजी मॅटच सरकली असती. रेखानं एकदा घासून झाल्यावर बोट फिरवून वास घेतला, मान हलवली आणि पुन्हा राख घेतली. बाळूनं मॅटी एकमेकींना भिडवून बसवल्या, कडा कापल्या, आणि खिडकीकडच्या भिंतीला कमरेएवढं उंच टेबल उभं केलं. काम त्यानं चोख केलं. गाळ्याचं मात्र त्यानं सोडलं नव्हतं. गाळेवाल्याला थांबायला सांगून ठेवलं होतं, हे मला रेखानं सांगितलं.

हे घरी आले. वॉकर टेकत दारापर्यंत गेले आणि आत पाहून तिथंच थांबले. पांढऱ्या खोलीच्या जागी काळी खोली होती. उन्हाचे ठिपके त्या काळ्यावर पडून तिथंच विझत होते.

"हे गोठ्यातलं हाय," हे म्हणाले.

"हाय."

"मला दावनीला बांधतीस व्हय?"

"दूध दिलं तर बांधीन."

रेखानं तोंड भिंतीकडे फिरवलं. हे हसले नाहीत. वॉकर वळवला आणि ओसरीवर जाऊन बसले.

त्यानंतर ते त्या खोलीकडे फिरकले नाहीत. सकाळी ओसरीवर, दुपारी उन्हाबरोबर सरकत पायरीपाशी, संध्याकाळी आत. जेवत होते, पेपर वाचत होते, आल्यागेल्याला सळईची गोष्ट सांगत होते. बाहेरून पाहणाऱ्याला माणूस बरा होतोय असं दिसलं असतं. मला ती खाट दिसत होती. फक्त अजून आत टाकलेली नव्हती.  ओढून आत नेलेला माणूस आत राहत नाही. मी रोज ती खोली झाडत होते, जरी तिथं झाडण्यासारखं काही पडत नव्हतं.

एका दुपारी मी झाडत असताना वॉकरचा आवाज दाराशी आला.

"रुंद पटाशी दे," हे म्हणाले. "धार लावलेली."

मी दिली. त्यांनी ती कमरेच्या उंचीवर, चौकटीच्या आतल्या बाजूला, धार खाली करून धरली आणि सोडून दिली. जन्मात त्यांनी हत्यार मुद्दाम खाली टाकलं नव्हतं. ती मॅटवर टोकानं आपटली, उडाली आणि आडवी पडली. वाकायची त्यांना मनाई, म्हणून मी उचलून दिली. त्यांनी धार अंगठ्याच्या नखावर टेकवून उजेडाकडे धरून पाहिली. मग पुन्हा सोडली. मी पुन्हा उचलून दिली. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही; माझी कंबर भरून आली एवढं सांगते. शेवटी त्यांनी पटाशी माझ्या हातात दिली, उंबऱ्याबाहेर चप्पल काढली, आणि वॉकर आत टाकला.

टेबलापर्यंत गेले. एक हात टेबलावर, एक वॉकरवर, मग दोन्ही टेबलावर. मी चेहऱ्याकडे पाहिलं नाही. चेहरा काहीही सांगतो. पायांकडे पाहिलं. डाव्या पायाचा अंगठा रबराच्या त्या बारीक टेंगळांमध्ये आत वळला होता, काहीतरी पकडल्यासारखा. पकडायला तिथं काही नव्हतं. तरी तो पकडत होता, सोडत होता, पुन्हा पकडत होता.

"उजेड डाव्या अंगानं यायला पायजे," हे म्हणाले. "कुणी लावलंय हे टेबल? फिरवाया सांग बाळूला."

संध्याकाळी मी बाळूला टेबल फिरवायला सांगितलं. त्यानं ते फिरवलं, आणि फिरवताना नाक ओढलं. गाळेवाल्याला त्यानं काय कळवलं ते मी विचारलं नाही.

आता ते रोज थोडं काम करतात. उभ्यानं. पोळपाट, देवघराचे खांब, एखाद्या जुन्या चौकटीची दुरुस्ती. दमले की उंच स्टुलावर टेकतात. ते स्टूलही त्यांनीच केलं आहे, आणि त्याच्या पायांना वॉकरची जुनी रबरी बुटं बसवली आहेत. कडुनिंबाची ती अर्धी चिरलेली फळी बाळूनं टाकून द्यायला काढली होती. ह्यांनी ती ठेवून घेतली आणि पुढे तिचेच पाट केले. मशीनवर मात्र ते जात नाहीत. भीती वाटते का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

खंडेनवमी पुन्हा येऊन गेली. त्याच्या आधी मी एक गोष्ट करून पाहिली होती. मॅटचा एक कापून उरलेला तुकडा अंगणात टाकला, त्यावर वाटीभर तेल ओतलं, मूठभर भुसा टाकला, आणि भिंतीला धरून त्यावर पाय ठेवला. पाय सरकला. रबरही तेल पीत नाही. म्हणून यंदा हत्यारांना तेल अंगणात पाजलं, हे खुर्चीत बसून आणि मी खाली मातीवर, आणि पुसून कोरडी केलेली हत्यारं आत पोत्यावर मांडली. सासऱ्यांच्या रीतीत एवढा फरक पडला. त्यानं कुठल्या हत्याराचा जीव गेला नाही.

जुनी मातीची जमीन भली होती, असं आता घरात सगळे म्हणतात, हेही म्हणतात. मी ऐकून घेते. माती भली नव्हती. तिच्यातही तेल साचलं असतं, खड्डे पडले असते, टाच मुरगळली असती. ती दर आठवड्याला नवी होत होती, एवढंच. जमीन आपोआप कुणाला धरून ठेवत नाही, माती नाही, दगड नाही, रबर नाही. हे मला आधीपासून ठाऊक होतं की त्या पांढऱ्या टाइल्सवर बसून सरकताना कळलं, ते आता सांगता येणार नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अंगणात तेलाचा काळपट डाग अजून होता. सवयीनं मी शेण कालवलं, वाकले, आणि हात तसाच राहिला. सकाळचं ऊन कोवळं होतं, डाग मातीत हळूहळू खोल जात होता आणि आतून रंधा मारल्याचा आवाज येत होता, एक लांब, मग थांबून दुसरा. मी हात धुतले. डाग राहू दिला. बघू किती दिवस राहतो.

त्या दिवशी ती वायर ओढली तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. दोघंही आहोत.